रो हाउससाठी हीट पंप घ्यावा का? किती लिटरचा? (नाशिक, उन्हाळ्यात बोअरचं पाणी)

नमस्कार मंडळी,

गरम पाण्यासाठी घरी हीट पंप वापरणाऱ्यांची, किंवा बसवून नंतर काढून टाकलेल्यांचीही, मदत हवी आहे. विक्रेत्यांशी बोलून झालंय, कोटेशनंही आली आहेत. आता वापरणाऱ्यांचं ऐकायचंय.

नाशिकला इंदिरानगर भागात आमचं रो हाउस आहे. घरात सहा माणसं: आई-बाबा (दोघंही सत्तरीच्या पुढचे), आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. बाथरूम तीन. गच्चीवर २०० लिटरचं ट्यूबवालं सोलर आहे, पण त्याचे दिवस भरलेत. दक्षिणेच्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहिली. उन्हाळ्यात तिचा त्रास नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली कलतो तेव्हा अकरानंतर गच्चीवर सावलीच असते. ज्या दोन महिन्यांत कढत पाणी हवं, नेमकं तेव्हाच कोमट येतं. त्यात टाकी खालून गंजून झिरपायला लागली आहे. त्याच जागी पुन्हा सोलर बसवण्यात अर्थ दिसत नाही.

गॅस गिझर नको, हे आधीच सांगून ठेवतो. बाथरूम लहान आहेत आणि आई थंडीत खिडकीची फट न् फट बंद करून अंघोळ करते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कळत नाही. स्वस्त पडतो म्हणून हा धोका मी घरात आणणार नाही. कृपया तो पर्याय सुचवू नका.

उरले दोन मार्ग. तीन बाथरूमना तीन विजेचे गिझर, किंवा गच्चीवर एक हीट पंप आणि सोलरची जुनी गरम पाण्याची लाइन त्यालाच जोडायची. तीन गिझर सकाळी एकदम लागले तर सहा किलोवॉट होतात, आणि आमचा मंजूर भारच पाच आहे.

मला समजलेलं असं: फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट्या दिशेने करतो. पंखा बाहेरची हवा ओढतो, कॉम्प्रेसर तिच्यातली उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो. वीज उष्णता तयार करायला लागत नाही, ती हलवायला लागते. त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते. २०० लिटर पाणी २२ अंशांवरून ५२ वर न्यायला साध्या गिझरला सात युनिटं लागतात, हीट पंपाला सव्वादोन-अडीच. पावसाळ्यात सोलर हात टेकतं, पण हवा दमट आणि उबदार असल्यामुळे हीट पंपाचं तेव्हा छान चालतं. थंडीत मात्र त्याची ताकद कमी होते. निफाडचा पारा बातम्यांत येतो त्या पहाटे आमच्याकडेही काही फार वेगळं नसतं, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

पहिला प्रश्न आकाराचा. एक विक्रेता म्हणतो सहा माणसांना ३०० लिटर लागणारच, दुसरा म्हणतो २०० पुरे. २०० लिटरची कोटेशनं एक लाख दहा हजारापासून दीड लाखापर्यंत आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत महापालिकेचं पाणी पुरतं, पुढे जूनपर्यंत बोअर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) नऊशेच्या घरात. गेल्या वर्षी सोलरची एक ट्यूब उतरवली तर तळाशी मूठभर पांढरा चुरा निघाला, आणि टाकीच्या तोंडाशी इतकी जाड खपली होती की स्क्रू ड्रायव्हरने टोचून काढावी लागली. हीट पंपाच्या टाकीत हेच झालं तर ती उघडून साफ करता येते का?

तिसरा, आवाज आणि जागा. गच्चीवर ठेवावा की मागच्या बोळात? बोळ सोयीचा आहे, पण शेजारच्या काकांच्या झोपायच्या खोलीची खिडकी तिथेच उघडते.

आणि दुरुस्ती. गिझर बिघडला तर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन कॉइल बदलून देतो. इथे कोण येणार?

प्रतिसाद १

आमच्याकडे पुण्यात आहे, २०० लिटरचा. तुमचे प्रश्न नेमके आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

माणसं मोजू नका, बादल्या मोजा. टाकीत ५५ अंशांचं पाणी, नळाला २० अंशांचं, अंगावर घ्यायला ४० अंशांचं, असं धरलं तर २० लिटरच्या बादलीत टाकीतलं पाणी जेमतेम साडेअकरा लिटर जातं. शॉवर मिनिटाला आठ लिटर टाकत असेल आणि पोरं आठ मिनिटं उभी राहत असतील, तर टाकीतून प्रत्येकी ३५-३७ लिटर जातात. चार बादल्या, दोन शॉवर, थोडं स्वयंपाकघरात: १३५ लिटरच्या आसपास. २०० पुरे, थंडीतही हात राखून. ३०० घेतलात तर न वापरलेलं पाणी रोज तापवून रोज निवू द्याल.

टायमर मात्र हवाच. पहाटे पाच वाजता दहा अंशांच्या हवेतून उष्णता ओढायला लावण्यापेक्षा दुपारी बारा ते चार चालवा. त्या वेळी जानेवारीतही नाशकात हवा पंचवीसच्या पुढे असते. टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तर सकाळपर्यंत काही अंशच उतरतात. टीओडी मीटर (वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर दिवसाची सवलत वेगळी. आणि एक लक्षात ठेवा: हा यंत्र म्हणून संथ आहे. टाकी रिकामी झाली तर पुन्हा तापायला तीन-चार तास लागतात.

पाण्याबद्दल. टीडीएसच्या आकड्यावर जाऊ नका, प्रयोगशाळेतून कठीणपणा आणि क्लोराइड तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं आहे. तुमचा चारशेच्या वर निघाला तर कॉइल पाण्यात बुडवलेलं मॉडेल घेऊ नका. टाकीच्या भिंतीला बाहेरून गुंडाळलेली कॉइल असते ते घ्या, क्षार तिच्यावर बसूच शकत नाहीत. तापमान ५५ च्या वर नेऊ नका. जितकं पाणी गरम तितके क्षार लवकर खाली बसतात. फक्त आठवड्यातून एकदा ६० ला नेऊन आणा, कोमट साठवणीत जंतू वाढू नयेत म्हणून. बहुतेक यंत्रांत ती सोय असते.

क्लोराइड जास्त निघालं तर ३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला वेल्डच्या जागी बारीक भोकं पडतात. अशा वेळी काचेच्या मुलाम्याची टाकी बरी. तिच्यात मॅग्नेशियमची सळई असते, टाकीऐवजी ती झिजते. वर्षातून एकदा ती काढून बघायची, बोटाएवढी बारीक झाली की बदलायची. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

प्रतिसाद २

पैशांचंही बघा. वरचा हिशोब धरला तर थंडीत दिवसाला साडेतीन युनिटं वाचतील, उन्हाळ्यात एखाद-दीडच. वर्षाची आठशे-नऊशे. युनिटला बारा रुपये पकडले तर दहा-अकरा हजार. तीन गिझरांपेक्षा हा साधारण ऐंशी-नव्वद हजारांनी महाग पडेल, म्हणजे वसुलीला आठेक वर्षं. टाकीची वॉरंटी त्यापेक्षा कमी असेल तर मी घेणार नाही. वाचणारी युनिटं मात्र तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या स्लॅबमधली असतात, तेव्हा बारा नव्हे, त्या स्लॅबचा दर लावून बघा.

प्रतिसाद ३

प्लंबिंगचं काम करतो. बोळात ठेवू नका. यंत्र थंड हवा बाहेर फेकतं, चिंचोळ्या जागेत तीच हवा पुन्हा आत ओढतं आणि बिल वाढतं. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा, दुपारी चालवलात तर कुणाला त्रास नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीपेक्षा खालच्या पातळीला बसवा, वर पत्रा टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा. घाम सुटल्यासारखं पाणी ठिबकतं, पावसाळ्यात जास्तच, त्याला वेगळी नळी काढा. जुनी लाइन वापरण्याआधी तिचं इन्सुलेशन बदला. तळमजल्याच्या बाथरूमला गरम पाणी यायला किती बादल्या थंड पाणी सोडावं लागतं ते आजच मोजा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं: तळमजल्यावर, म्हणजे आई-बाबांच्या बाथरूममध्ये, पाऊण बादली थंड पाणी जातं. त्यामुळे आता असा विचार आहे: त्यांच्याकडे १५ लिटरचा विजेचा गिझर वेगळा, म्हणजे वीजपुरवठा असेल तोवर हीट पंप बंद पडला तरी त्यांना थंड पाण्याने अंघोळ करावी लागणार नाही. वरच्या दोन बाथरूमना हीट पंप. पाण्याचा नमुना उद्या देतो.

पण मग वर चौघंच उरतात, दोन बादल्या आणि दोन शॉवर. प्रतिसाद १ च्या हिशोबाने शंभर-सव्वाशे लिटर. १५० लिटरचं, बाहेरून कॉइल गुंडाळलेलं मॉडेल नाशकात कुणी बसवलंय का? कंपनीचा माणूस नाशिकमध्येच राहतो की दुरुस्तीला पुण्याहून येतो, तेवढं कळवा.