छोट्या एआरएम बोर्डावर केव्हीएम उपलब्ध होत नाही

प्रश्न (खटपट्या):
माझ्या बोर्डावर चार कॉर्टेक्स-ए५३ कोअर व १ जीबी रॅम असून ६४-बिट लिनक्स चालते. जुन्या ३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेला एक नियंत्रण-प्रोग्राम त्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायचा आहे. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) केव्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन थेट सीपीयूवर चालवण्याची सोय, घेतलेले असूनही डेव्ह डिरेक्टरीत त्याची फाइल तयार होत नाही. क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) निव्वळ इम्युलेशनवर, म्हणजे सीपीयूची सॉफ्टवेअरने नक्कल करून, चालते, परंतु गेस्ट (आत चालणारी प्रणाली) इतका संथ चालतो की त्याचा उपयोग नाही. दोष कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये असावा का?

उत्तर (बूटलोडर):
बहुधा नाही. एआरएमवर हायपरवायझरसाठी (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) ईएल२ हा स्वतंत्र अधिकारस्तर आहे आणि कर्नल त्या स्तरावर सुरू झाला, तरच केव्हीएम चालते. फर्मवेअरने किंवा बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) आधीच ईएल१ या खालच्या स्तरावर उतरून कर्नलकडे ताबा दिला असेल, तर कर्नलला स्वतःहून पुन्हा वर चढता येत नाही. बूटच्या नोंदींत सर्व कोअर कोणत्या स्तरावर सुरू झाले ते एका ओळीत छापलेले असते. ती ओळ आधी पाहावी. तेथे ईएल१ दिसल्यास कर्नल कितीही वेळा नव्याने बांधला तरी फरक पडणार नाही. फर्मवेअरच बदलावे लागेल.

उत्तर (सुटसुटीत):
मुळात व्हर्च्युअल मशीन हवे आहे का? ए५३ कोअरवर ३२-बिट प्रोग्राम थेट चालतात. जुन्या लायब्रऱ्यांसाठी कंटेनर (त्याच कर्नलवर चालणारे वेगळे ठेवलेले वातावरण) पुरेसा आहे आणि १ जीबी रॅममध्ये दुसऱ्या कर्नलचा भार का वाहावा?

खटपट्या:
नोंदीत ईएल१ च आहे. फर्मवेअर बदलून पाहतो. कंटेनर मात्र चालणार नाही, कारण सिरियल लाइनवरील प्रोटोकॉल सांभाळणारे जुने कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) सोबत लागते आणि कंटेनरला कर्नल होस्टचाच (बोर्डावरील मूळ प्रणालीचाच) मिळतो.

उत्तर (बूटलोडर):
मग व्हर्च्युअल मशीनच योग्य. ६४-बिट क्यूईएमयूला होस्टचाच सीपीयू देऊन त्याचा ६४-बिट गुण बंद केला की ३२-बिट गेस्ट केव्हीएमवर चालतो. खरी मेहनत पुढे आहे. जुना कर्नल एका विशिष्ट बोर्डासाठी बांधलेला असेल, तर क्यूईएमयूचे 'व्हर्ट' मशीन (कोणत्याही खऱ्या बोर्डाशी न जुळणारे आभासी बोर्ड) त्याला ओळखता येणार नाही. त्याच आवृत्तीचा कर्नल व्हर्टिओ (आभासी उपकरणांच्या) ड्रायव्हरांसह पुन्हा बांधावा लागेल, आणि मॉड्यूलही त्याच्याच जोडीने. मॉड्यूलचा स्रोत हाताशी नसेल, तर हा बेत येथेच थांबतो.

सिरियल पोर्ट क्यूईएमयूच्या आभासी पोर्टला जोडता येतो. त्याचा वेग होस्टवरच आधी ठरवून ठेवावा. परंतु मॉड्यूल मूळ चिपच्या रजिस्टरांना (तिच्या आतील नियंत्रणाच्या जागांना) थेट हात घालत असेल, तर ही जोडणी निरुपयोगी ठरते, कारण गेस्टला ती चिप दिसतच नाही. प्रत्यक्ष उपकरण गेस्टच्या हवाली करायचे, तर डीएमए करणाऱ्या (सीपीयूला वगळून थेट रॅम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या) उपकरणांसाठी एसएमएमयू (त्यांच्या रॅम-प्रवेशावर मर्यादा घालणारे हार्डवेअर) लागते, आणि ते छोट्या बोर्डांवर बऱ्याचदा नसते.

गेस्टला २५६ एमबी देऊन सुरुवात करावी आणि त्याच्या व्हीसीपीयूचा (आभासी सीपीयूचा) थ्रेड एकाच कोअरला बांधावा. समोरचे उपकरण उत्तरासाठी किती मिलिसेकंद थांबते?

खटपट्या:
मॉड्यूलचा स्रोत आहे आणि ते रजिस्टरांना हात लावत नाही. उपकरण ५० मिलिसेकंद थांबते.

उत्तर (बूटलोडर):
तेवढ्यात सहसा भागते. तरी होस्टवर पूर्ण भार टाकून सर्वाधिक विलंब मोजावा, सरासरीवर विसंबू नये.