मिनियापोलिस ते फार्गो, ऐन थंडीत: गाडीत काय काय ठेवावं?

अनुजा_प
नमस्कार मंडळी. आम्ही जूनमध्ये पुण्याहून मिनियापोलिसला आलो. नवऱ्याचं काम फार्गोला, त्यामुळे हिवाळ्यातही आय-९४ महामार्गावरून जाणं-येणं होणार, बहुतेक वेळा दीड वर्षाच्या लेकीला घेऊन. एका बाजूचे साधारण २३५ मैल. दुकानात तयार विंटर किट पाहिलं: जंपर केबल, टॉर्च, ते चकाकणारं पातळ पांघरूण. एवढं पुरेल का? गाडी पेट्रोलवरची आहे.

सेंटपॉलचा_सुहास
किट घ्या, पण केबलवर विसंबू नका, ती लावायला दुसरी गाडी थांबावी लागते. उतरलेल्या बॅटरीवरही गाडी चालू करून देणारा छोटा लिथियम जंप स्टार्टर घ्या आणि तो रात्री घरात ठेवून निघताना सोबत न्या, थंडीत तोही गारठतो. बॅटरी जुनी असेल तर आत्ताच तपासा. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, तिचा जोर निम्म्याहून कमी उरतो. काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं भरा.

फर्गसफॉल्सची_वैशाली
अनुजा, मी तुमच्याच रस्त्यावर राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अलेक्झांड्रिया मागे पडलं की झाडी विरळ होत जाते आणि फार्गोला लागूनच असलेल्या मूरहेडच्या अलीकडे रेड रिव्हरच्या खोऱ्यातली सपाट शेतं लागतात. तिथे बर्फ पडायलाच हवा असं नाही. आभाळ स्वच्छ असतानाही वारा शेतातला बर्फ उचलून रस्त्यावर आणतो आणि पुढच्या गाडीचे दिवे दिसेनासे होतात. मग गेटं लावून आय-९४ बंद करतात. त्यामुळे सामान भरताना बिघाडापेक्षा हे डोळ्यांसमोर ठेवा: धडधाकट गाडीत, लेकराला घेऊन, रात्रभर बसून राहायचं आहे.

पहिलं फावडं. आखूड दांड्याचं, पण पातं धातूचं. डिकीत नको, सीटमागे ठेवा, डिकीचं झाकण गोठून बसतं. चाकं मोकळी करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. तिथे बर्फ साचला की धूर गाडीत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अडकलात तर तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा, दर वेळी आधी उतरून पाइप बघा, आणि वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली घ्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

चकाकतं पांघरूण असू द्या, पण खरी ऊब लोकरीच्या ब्लँकेटची. माझ्या गाडीत आईने शिवलेली गोधडी असते. माणशी एक जाड पांघरूण, जास्तीचे मोजे, हातमोजे, टोपी. आणि लेकीला फुगीर जॅकेट घालून कार सीटमध्ये बांधू नका! धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ फ्लीस घाला, पट्टा घट्ट करा, पांघरूण वरून.

खायला राजगिऱ्याची वडी उत्तम. चिक्की थंडीत दगड होते, आणि लेकीला शेंगदाणे नकोतच, घशात अडकतात. चिवड्याने तहान लागते. पाण्याच्या बाटल्या पाऊणच भरा आणि ब्लँकेटात गुंडाळून पुढे ठेवा. डायपर, दुधाची पावडर, गरम पाण्याचा थर्मास आणि कुणाची रोजची औषधं असतील तर तीही.

निघताना ऊन आहे म्हणून कोट घरी ठेवू नका. १९४० च्या ११ नोव्हेंबरला सकाळ उबदार होती, बदकांच्या शिकारीला गेलेले कित्येक जण साध्या कपड्यांत होते. दुपारपर्यंत हिमवादळ आलं आणि मिनेसोटात ४९ माणसं गेली. निघण्याआधी ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सरकारी सेवेवर रस्त्याची स्थिती बघा, बंद असेल तर अलेक्झांड्रियात मुक्काम करा. आणि अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, दूरवर घराचा दिवा दिसला तरी. अँटेनाला लाल कापड बांधा. शोधणाऱ्यांना गाडी सापडते, बर्फात चालणारा माणूस सापडत नाही.

अनुजा_प
वैशालीताई, खूप आभार. डब्यात मेणबत्ती लावून ऊब मिळते असं शेजारी म्हणाले. ठेवू का? आणि चाकांखाली टाकायला वाळू?

फर्गसफॉल्सची_वैशाली
मेणबत्ती पुष्कळ जण ठेवतात, मी मात्र बंद गाडीत लहान मुलाजवळ ज्योत पेटवणार नाही. त्याऐवजी हातात धरायच्या गरम पुड्या घ्या, पण लेकीच्या अंगाला थेट लावू नका, मोज्यावरून. वाळू चालेल, किंवा मांजराच्या शी-शूच्या पेटीतली माती, फक्त गोळे न होणारी घ्या. गोळे होणारी ओली झाली की उलट निसरडी होते. फावडं मात्र ऑक्टोबरातच घेऊन टाका, पहिल्या मोठ्या बर्फानंतर इथल्या दुकानांत मिळत नाही.