‘फितूर साक्षीदार’ बचाव वकिलाच्या तोंडी चालेल का?

मीनल: एका गाजलेल्या खून खटल्यातल्या बचाव वकिलाच्या आठवणींचा अनुवाद चालू आहे. सरकारी साक्षीदार सरतपासणीत (बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने घेतलेल्या पहिल्या तपासणीत) म्हणतो, ‘मी काहीच पाहिलं नाही’, आणि सरकारी वकील त्याला ‘होस्टाइल’ (बोलावणाऱ्या बाजूच्याच विरोधात गेलेला) जाहीर करायला सांगतात. इथे ‘फितूर’ लिहिलं, तर साक्षीदार फोडल्याचा संशय थेट निवेदकावरच येतो. त्याचं तर म्हणणं आहे की जबाबच पोलिसांनी मनाने लिहिला होता.

अनंत: ‘प्रतिकूल’ लिहा. फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा. पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये (आता साक्ष्य अधिनियमाचं १५७) ‘होस्टाइल’ हा शब्दच नाही. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी न्यायालय देऊ शकतं, एवढंच त्यात आहे.

वसुधा: ‘प्रतिकूल’ कोर्टात कोण म्हणतं? सगळे ‘फितूर झाला’ म्हणतात आणि त्यात लाच गृहीत नसते.

अनंत: वाचक कोर्टात बसलेला नसतो. त्याला लाचच ऐकू येते.

दत्ता: कृती नीट दाखवली तर शब्द हलका होईल. परवानगी मिळाली की जबाबातलं नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवतात. तो म्हणतो, ‘असं मी सांगितलं नव्हतं.’ त्या वाक्याला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण होते. पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत ‘हे त्याने सांगितल्याप्रमाणेच लिहिलं’ असं वदवून घ्यावं लागतं. हे हमखास राहून जातं, आणि मग तो भाग शाबीतच होत नाही. झाला तरी विसंगती दाखवण्यापुरताच, घटनेचा पुरावा म्हणून नाही. उरलेली साक्षही पुसली जात नाही. सतपाल प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की विश्वासार्ह भाग घेता येतो, आणि तो कधी सरकारच्या कामी येतो, कधी बचावाच्या. म्हणून मला ‘फिरलेला’ पटतो.

वसुधा: ‘फिरलेला’ म्हणजे आधी तसं बोलला होता हे मान्य केल्यासारखंच झालं! वाद नेमका त्यावरच आहे.

श्रीधर: ‘फितूर’ हा ‘फतवा’वरून आलेला परकीय शब्द. काढूनच टाका.

दत्ता: फतव्याशी संबंध नाही, धातू वेगळा. अरबी ‘फुतूर’ म्हणजे ढिलाई, दुर्बलता. फारसी-उर्दूत त्याचा ‘बिघाड’ झाला, मराठीत दगा. मूळ अर्थाने पाहिलं तर ‘ढिला पडलेला साक्षीदार’ चपखलच आहे.

श्रीधर: तरी परकीयच.

वसुधा: मग ‘सरतपासणी’तला ‘सर’ही फारसीच, डोकं म्हणजे मुख्य. तिथे ‘मुख्य परीक्षण’ लिहिणार?

श्रीधर: हो, लिहीन.

अनंत: आणि ‘फेरतपासणी’ला काय?