कळतंय पण वळत नाही : हे प्रेम म्हणायचं का निमित्त?

पेठेतला_पाहुणा
गेल्या रविवारी मामेभावाचं रिसेप्शन होतं, कळंबा रोडला. नवरा-नवरीची एंट्री झाली आणि ऑर्केस्ट्रातल्या पोरानं गिटार घेऊन अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ म्हटलं, खरं सांगायचं तर बरं म्हटलं. शेजारी आत्या बसलेली, विचारती काय म्हणतोय रं त्यो. मी म्हटलं, शहाणी माणसं सांगतात की असली उडी येडीच मारतात, पण मला काय तुझ्यावर जीव जडायचा थांबवता येईना, असं म्हणतोय. आत्या जिलेबी मोडत म्हणाली, “मग ऐकायचं की शहाण्यांचं, मुडद्यानं!”
तिथनं डोक्यात किडा वळवळतोय. गाणं गोड आहे, वादच नाही. पण म्हणणं काय आहे त्याचं? कळतंय पण वळत नाही. हे आपण कुणाला म्हणतो? तंबाखू सोडतो सोडतो म्हणून परत चुना मळणाऱ्याला. कौतुकानं तर कधीच नाही म्हणत. आणि तेच इंग्रजीत गिटारवर आलं की नवरा-नवरीवर फुलं पडतात. वर दाखला कसला, तर नदी समुद्राला मिळतीच, तसंच हे पण ठरलेलं. अरे नदीला डोकं नसतंय, तुला आहे! माझं म्हणणं एवढंच, हे प्रेमगीत नाही, हे निमित्त आहे. बोला.

दादऱ्यातला_माणूस
भावा, गाणं ऐकलंस, पण ते चालतंय कसं ते नाही बघितलंस. घाई करणाऱ्या येड्यांबद्दलचं गाणं आणि लय बघ किती संथ आहे. सहाच्या ठेक्यात झुलतंय, आपल्या दादऱ्याच्या जवळचं, झोपाळ्यावर बसल्यागत. ज्याला उडीच मारायची आहे तो असं गातो होय? हा माणूस काठावर उभा राहून शंभरदा विचार करतोय. आणि दुसरं म्हणजे तो विचारतो. थांबू का? थांबलो तर पाप होईल का? निमित्त सांगणारा विचारत बसत नाही, सांगतो आणि मोकळा होतो.
आता मेन गोष्ट. एल्विसचं गाणं 1961 चं, पण ही चाल तेव्हाची नाहीच. मार्टिनी नावाच्या संगीतकाराचं 1784 चं ‘प्लेझीर दामूर’ म्हणून फ्रेंच गाणं आहे, त्याच्यावर बेतलेली आहे. आणि त्या गाण्यात काय म्हटलंय, तर प्रेमातलं सुख क्षणभर, दुःख जन्मभर. म्हणजे तुझ्या आत्याचं म्हणणं मूळ गाण्यातच होतं की! अमेरिकेतल्या तिघांनी त्यावर नवीन शब्द बसवले, पण माझ्या कानाला त्या चालीत अजून जुनं दुःख ऐकू येतं. वर पोरगं म्हणतंय जीव जडला, खाली चाल म्हणती बघ बाबा. मला ते गाणं त्याच्यासाठीच आवडतं.

पेठेतला_पाहुणा
1784 चं माहीत नव्हतं, मानलं. पण विचारतो म्हणतोस ना, उत्तराला थांबतो का? विचारून झालं की लगेच नदी चालू.

शिवाजीपेठवाली
मी जरा वेगळं बोलतो. (बाहेरगावच्यांसाठी : हो, मी बाईच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो, त्यावरून परत वीस रिप्लाय नकोत.)
कॉलेजला असताना एक जण रोज स्टॉपवर उभा असायचा. शिवीगाळ नाही, काही नाही, नुसता उभा. एकदा मीच जाऊन विचारलं की तुझं नेमकं काय आहे, तर म्हणाला, “मला कळतंय गं, पण राहवत नाही.” अगदी हेच शब्द. मैत्रिणींना वाटलं किती रोमॅंटिक. राहवत त्याला नव्हतं आणि बसचा टाइम मी बदलला, क्लास मी सोडला, घरी खोटं मी बोललो. दोन वर्षं. त्यामुळं हे गाणं लागलं की मला गाणाऱ्यापेक्षा समोरची दिसती. अख्ख्या गाण्यात तिला एक शब्द नाही. हात घे म्हणतो, जन्म पण घे म्हणतो, अरे पण तिनं मागितलाय का तुझा जन्म?
दादरा, चाल, सगळं खरं असंल, पण मी पाहुण्याच्या बाजूनं.

संकेश्वरी_मिरची
ताई, तुम्ही सांगितलं ते वाचून वाईट वाटलं, त्या माणसाची बाजू कुणीच घेणार नाही. पण त्याचा गुन्हा जीव जडला हा नव्हता, रोज येऊन उभा राहिला हा होता. या दोन गोष्टी वेगळ्या करा की.
आपली भाषाच बघा. ‘मी प्रेम करतो’ हे पिक्चरमधलं. घरात कोण बोलतंय तसं? घरात जीव लागतो, जीव जडतो, लळा लागतो. भूक लागते, झोप येते, आठवण येते, सगळीकडं ‘मला’, ‘मी’ नाहीच. म्हणजे इंग्रजी गाण्याला जे सांगायला अख्खं कडवं लागलं ते आपल्याकडं व्याकरणातच आहे. पण भूक लागली म्हणून कोण दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही. लागणं वेगळं, हात घालणं वेगळं.
आणि पाहुणे, हे फक्त पोरापोरींचंच असतंय असं कुणी सांगितलं? माझा थोरला भाऊ. तीन वर्षं ओळीनं उसाचं बिल जुगारात घालवलं. सगळे म्हणाले तोड त्याला. मला कळत नव्हतं होय? पैसे द्यायचं बंद केलं, कागदावर सही द्यायचं बंद केलं, वाटणी करून घेतली. पण अजून रात्री गेट वाजलं की आधी बघतो तोच आलाय का, आणि जेवलाय का हे तोंडातनं निघतंच. हात वळला माझा, जीव नाही वळला. आता ह्याला निमित्त म्हणायचं असलं तर म्हणा.

पेठेतला_पाहुणा
नाही म्हणत. पण दादा, तुम्ही ह्यावर गाणं म्हणत फिरत नाही ना, हाच तर फरक आहे.

संकेश्वरी_मिरची
गळा असता तर म्हटलं असतं.

पंचगंगेचा_घाट
बाकी तुमचं चालू द्या, फक्त कोल्हापूरकरांना नदीचा दाखला देऊ नका. आपली पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळती, तिथनं कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला. समुद्र हिकडं घाट उतरला की कोकणात, आणि ही बया अख्खा देश आडवा करून पलीकडच्या समुद्राला चाललीय! त्यात 2019 ला तर पुढं जायचं सोडून लोकांच्या माडीवर येऊन बसली. ‘ठरलेलं असतंय’ म्हणायला एवढी सोपी नसती नदी.

दादऱ्यातला_माणूस
पोचती की शेवटी पण 😄

रिळांचा_डबा
एक गंमत सांगतो, मग भांडा. हे गाणं 1961 च्या ‘ब्लू हवाई’ पिक्चरमधलं. त्यात एल्विस हे हिरॉइनच्या आजीसाठी गातो! आजीला भेट म्हणून म्युझिक बॉक्स आणलेला असतो, तो वाजतो आणि त्याच्यावर हा गातो. म्हणजे तुम्ही सगळे ज्याच्यावर तावातावानं बोलताय ते पडद्यावर एका म्हातारीचं कौतुक आहे. पुढं 1993 ला यूबी फोर्टी ह्या इंग्लिश बँडनं हे रेगे म्हणजे जमैकातल्या नाचऱ्या ठेक्यात केलं, अमेरिकेत सात आठवडे एक नंबरला, एल्विसचं स्वतःचं तिथं दोन नंबरलाच अडकलेलं. मला ते रेगेवालं नाही आवडत. कबुली होती, तिची वरात केली.
आणि सत्तरच्या दशकात एल्विस शो संपवायचा तो बहुतेक ह्याच गाण्यानं, 26 जून 1977 चा शेवटचा शो पण ह्यानंच संपला. ते शेवटचे शो बघितलेत का कुणी? अंग सुजलेलं, घामानं निथळतोय, आणि ‘मला थांबवता येत नाही’ म्हणतोय. तिथं मला समोर कुठली पोरगी दिसतच नाही. माणूस स्वतःबद्दलच बोलतोय असं वाटतं.

शिवाजीपेठवाली
हे शेवटचं लागलं जरा. तरी माझं मत तेच. आजीसाठी असंल तर मग रिसेप्शनला कशाला वाजवता.

दादऱ्यातला_माणूस
ताई, त्यासाठी मंगलाष्टकांचा पण अर्थ विचारायला लागंल, कोण विचारतंय?

पेठेतला_पाहुणा
मी अजून निमित्तावरच आहे, पण संकेश्वरीवाल्या दादांचं ते गेट वाजायचं काही डोक्यातनं जाईना. असो. आत्ताच आत्याला फोन केलता, म्हटलं अगं ते गाणं पिक्चरमध्ये आजीसाठी आहे. तर म्हणती, “मग आमच्याकडं तोंड करून म्हणायचं होतं की त्यानं. तासभर बसलेलो खुर्चीवर, कुणी पाणी बी विचारलं न्हाई.”