प्रतिसाद: गनिमी कावा सोडला म्हणून हरलो?

'मराठ्यांनी गनिमी कावा सोडून युरोपीय धर्तीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या आणि तिथंच १८०३ चा इंग्रजांकडून झालेला पराभव ठरला' हे मत जुन्या इतिहासग्रंथांत बऱ्याचदा येतं, पण मला ते अर्धंच पटतं. रँडॉल्फ कूपर यांचं २००३ मध्ये केंब्रिजनं काढलेलं इंग्रज-मराठा मोहिमांवरचं पुस्तक नेमकं हेच गृहीतक तपासतं. असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफखान्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्लीची काय अवस्था केली ते बघा. जिंकूनही कंपनीच्या बाजूचे मेलेले-जखमी धरून दीड हजारांहून जास्त माणसं गारद झाली. लासवारीच्या लढाईनंतर तर खुद्द कंपनीचा सेनापती लेकनं लिहून ठेवलंय की, या फौजेला फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही.

म्हणजे अडचण पलटणींत नव्हती, त्यांच्या अधिकाऱ्यांत होती. कंपनीनं युद्धाच्या तोंडावर जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या अधिकाऱ्यांना फोडलं, पगाराची हमी दिली. शिंद्यांच्या कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेरों तर सप्टेंबरातच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पलटणी आपल्या, पण हुकूम देणारे परके आणि ऐन वेळी पसार! त्यामुळे या काळावरचं पुस्तक निवडताना मी आधी लढायांचे नकाशे नाही, पगार, कर्ज आणि रसदेवरची प्रकरणं चाळतो. ती नसतील तर पुस्तक कितीही जाडजूड असो, निम्मी गोष्ट हरवलेली असते. कूपर वाचायला जड आहे, पुनरुक्तीही भरपूर, पण या बाबतीत त्याला तोड नाही.