मदत हवी आहे : फिल्म धुवायचा जुना टँक आणि रिळं कशी साफ करायची?

फिल्मवेडी
फिल्म धुवायचा जुना संच हाती आलाय. टँक, रिळं, ट्रे, मोजपात्र. सगळ्यावर डाग. साबणाने घासून झालं, निघत नाहीत. फिल्मही रिळावर चढवताना अर्ध्यावर अडकते. या आठवड्यात रोल धुवायचाच आहे, प्लीज लवकर सांगा.

सागरगोटा
रिळं प्लास्टिकची की स्टीलची? डाग पांढरे की काळपट? त्याशिवाय काय सांगणार?

फिल्मवेडी
प्लास्टिकची. टँकमध्ये पांढरे, ट्रेत तपकिरी. काय लावू तेवढं सांगा ना.

निवांत
ब्लीच. रात्रभर भिजत घाला, सकाळी लख्ख. मी कायम हेच करतो.

रसशाळा
निवांत, असा सल्ला देऊ नका. ट्रेत स्टॉप बाथचं, म्हणजे चित्र उमटणं थांबवणाऱ्या द्रावणाचं, ॲसिड राहिलेलं असेल तर ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद खोलीत! ताई, पांढरं बहुतेक वाळलेला हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) असेल, कोमट पाण्यात विरघळतो. तरी राहिलं तर ते क्षार, त्याला सायट्रिक ॲसिडचं पाणी. तपकिरी डाग जुन्या डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे. ते फिल्मला काही करत नाहीत, राहू द्या.

निवांत
ट्रे आधी धुऊनच ब्लीच वापरायचं असतं हो, इतकं तर कळतं.

रसशाळा
मग तसं लिहा. नवीन माणूस विचारतोय.

सागरगोटा
फिल्म अडकते ती डागांमुळे नाही. रिळाचे दोन्ही भाग फिरवून वेगळे करा आणि खाचा गरम पाण्यात टूथब्रशने घासा. वेटिंग एजंटचा (फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी वापरतात त्या द्रावणाचा) चिकट थर तिथेच बसतो. फिल्म आत शिरते तिथे छोट्या स्टीलच्या गोळ्या असतात, रीळ हलवलं की त्या खुळखुळल्या पाहिजेत. मग खडखडीत वाळवा. थेंबभर पाणी राहिलं तरी फिल्मवरचं जिलेटिन फुगून चिकटतं. यापुढे वेटिंग एजंटमध्ये फिल्म रिळावरून काढूनच बुडवा.

आडवाट
स्टीलची रिळं घ्या, ओली असली तरी चालतात.

निवांत
आणि एकदा पडून वाकली की फिल्म फिल्मला चिकटते, त्याचं काय?

कवडसा
एन्लार्जरच्या लेन्सला बुरशी आहे का? माझ्याकडे आहे, कोणी साफ केलीये?

सागरगोटा
कवडसा, वेगळा धागा काढा. फिल्मवेडी, टँकच्या मधली काळी नळी आहे ना? रिळं तिच्यावरच बसतात.

फिल्मवेडी
खाचा घासल्या, गोळ्या खुळखुळतात! वाया गेलेली फिल्म सरसर चढली. पण नळी कुठली? संचात नाहीये. रिळं नुसतीच आत ठेवायची ना?

सागरगोटा
नाही! पॅटरसन कंपनीच्यासारख्या टँकमध्ये झाकणाच्या नरसाळ्यातून येणारा प्रकाश तीच अडवते. ती नसेल तर झाकण लावूनही अख्खा रोल काळा होईल. त्याच टँकची नळी मिळेपर्यंत थांबा.

रसशाळा
थांबायचं नसेल तर डेव्हलपरपासून फिक्सिंग (हायपोचं काम) संपेपर्यंत सगळं पूर्ण अंधारात करा. लाल दिवाही नको.