विषय: मुंज्याची शॉर्टफिल्म: आधी हॉल की आधी यूट्यूब?

नमस्कार मंडळी,
१४ मिनिटांची शॉर्टफिल्म कोजागिरीला शाळेच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरतंय. त्याच रात्री यूट्यूबवर टाकली तर चालेल ना? भारतातल्या लोकांनाही बघता येईल.
– सांस्कृतिक समिती

*

ताई, फिल्म महोत्सवांना पाठवायची असेल तर यूट्यूबची घाई नको. काही महोत्सव आधीच सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकलेली फिल्म घेत नाहीत, काही तर हॉलमधला खेळही ‘प्रीमियर’ धरतात. फी भरायच्या आधी ज्याचे-त्याचे नियम वाचा. तोवर पासवर्डवाली लिंक पुरे.

हॉलचं खरं दुखणं म्हणजे उजेड. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावर इकडून-तिकडून पडणारा उजेड जितका कमी, तितकं काळं काळं दिसतं. खिडक्यांना जाड काळं कापड लावा. दारावरचा ‘एक्झिट’चा दिवा मात्र झाकायचा नाही, आगीचा नियम आहे. फिल्ममधलं पिंपळाचं खोड दिसेना म्हणून कोणी ब्राइटनेस वाढवेल, त्याला आवरा: सगळा काळोख राखाडी होतो. गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) किंचित उचलून हॉलपुरती वेगळी फाइल काढा.

फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर लॅपटॉपच्या नेहमीच्या ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा होतो) कॅमेरा फिरताना चित्र अडखळतं. प्रोजेक्टर घेत असेल तर लॅपटॉप ५० हर्ट्झवर ठेवा. आणि ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. किंकाळी तोंड मिटल्यावर आली की लोक भलत्याच जागी हसतात.

*

सबटायटल्सचं राहिलं. इंग्रजीत ओळीला साधारण ४२ अक्षरं, दोनच ओळी. “लग्न करीन… पण आधी सोडमुंज!” हे दोन तुकड्यांत द्या. एकदम दिलं तर वाचणारी पोरं आधी हसतात आणि आजी-आजोबांना पुढचं ऐकूच येत नाही. मुंज्याचं नुसतं ‘घोस्ट’ करू नका. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच (ब्रह्मचर्य संपवणारा विधी, त्यानंतरच लग्न) गेलेला पोरगा, हे सुरुवातीलाच आजीच्या एका वाक्यात बसवा, नाहीतर लग्नाचा हट्ट कोणाला कळणार? ‘किंकाळी’ हे कॅप्शन अर्धा सेकंद जरी आधी आलं तरी दचकणं संपलं.

पुढे यूट्यूबवर टाकाल तेव्हा १०८० ची फाइल ४के करून चढवा, बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) जास्त मिळतो. बारीक ग्रेनही (दाणेदारपणा) घाला, म्हणजे काळोखात पट्टे कमी दिसतील.

*

बरं, यूट्यूब पुढे ढकललं. हॉलची चावी आदल्या संध्याकाळी मिळेल. १० मीटरची एचडीएमआय केबल कोणाकडे आहे?
– सां. स.